कोलांटी कोणाकडून शिकावी?

कुंभकोणमहून तंजावर चाळीसेक किलोमीटर. कावेरीच्या खोऱ्यातला हा पट्टा मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली, त्यांच्यामागून या भागात मराठी बोलणारी घरे वसली, आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमलाच. आज तिथल्या आकाशाचे महाराष्ट्राशी वेगळे नाते आहे. २० जानेवारी २०२० रोजी तंजावरच्या हवाई तळावर २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ स्क्वाड्रन सुखोई-३० एमकेआय विमाने घेऊन नव्याने उभी राहिली. ही विमाने भारतात जोडली जातात नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात.

समजा, कुंभकोणमच्या एखाद्या शाळकरी मुलीला हे सुखोई पाहून वाटले, की आपणही विमान उलटे करावे, लूप मारावा, स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली कोसळण्यात, टाकून बाहेर काढावे. तिच्यापुढे रस्ता किती? एकच. हवाई दलाची परीक्षा द्यायची, निवड व्हावी म्हणून देव पाण्यात ठेवायचे, आणि निवड झाल्यावर लढाऊ विमानांची शाखा मिळावी म्हणून पुन्हा ठेवायचे. २०१६ सालापर्यंत हाही रस्ता तिला बंद होता, कारण लढाऊ विमानांवर स्त्रियांना घेतलेच जात नव्हते.

हवाई कसरतींत तरबेज कोण, फौजी वैमानिक की सिव्हिल, हा वाद वैमानिकांच्या दुनियेत जुना आहे. भारतात मात्र तो खऱ्या अर्थाने कधी झालेलाच नाही. इथे एकच संघ मैदानात उतरतो आणि तोच जिंकतो. त्यामुळे आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ठरल्यासारखे असते: अर्थातच फौजी. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा संबंध शेवटी तिकीट काढून विमानात बसणाऱ्या माणसापर्यंत येतो.

या वादाची सुरुवातच मोठी गमतीची आहे. सप्टेंबर १९१३मध्ये कीव्हला प्योत्र नेस्तेरोव्ह या रशियन लष्करी वैमानिकाने निउपोर विमानाने आकाशात पूर्ण वर्तुळ मारले. जगातला हा पहिला लूप. लष्कराने त्याचे कौतुक केले ते त्याला दहा दिवस कोठडी सुनावून! सरकारी मालमत्ता विनाकारण धोक्यात घातली, हा गुन्हा. दोनेक आठवड्यांत फ्रान्समध्ये आदोल्फ पेगू या ब्लेरिओ कंपनीच्या चाचणी वैमानिकाने तीच करामत केली, आणि युरोपभर त्याच्या प्रयोगांना गर्दी लोटू लागली. मग रशियन लष्कराला जाग आली. नेस्तेरोव्हची शिक्षा आटोपती घेतली आणि त्याला बढती दिली. लष्कराचा कसरतींकडे पाहण्याचा दृष्टिकोन या एका प्रसंगात सापडतो. कसरत युद्धाच्या किंवा प्रतिष्ठेच्या उपयोगी पडली तर शौर्य, नाही तर सरकारी विमानाची नासाडी.

पहिल्या महायुद्धाने हे बदलले, पण तेही एका तऱ्हेवाईक अधिकाऱ्यामुळे. आघाडीवर येणारे नवे ब्रिटिश वैमानिक शत्रूला भेटण्याआधीच मरतात, हे रॉबर्ट स्मिथ-बॅरी पाहत होता. विमान कसे उडवू नये एवढेच तोवर शिकवले जाई: हे टाळा, ते टाळा, स्पिनमध्ये पडलात तर संपलात. १९१७ साली गॉस्पोर्टला त्याने उलटी पद्धत सुरू केली. दुहेरी नियंत्रणाच्या अॅव्हरो ५०४मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसत, बोलण्यासाठी नळी असे, आणि विद्यार्थ्याला मुद्दाम त्याच स्थितींत नेले जाई ज्यांची सगळ्यांना धास्ती होती. विमान मुद्दाम पाडायचे आणि मुद्दाम सावरायचे. त्याच काळात फार्नबरोला फ्रेडरिक लिंडमन हा मुलकी शास्त्रज्ञ स्वतः उडायला शिकून विमान स्पिनमध्ये टाकत होता आणि वर बसून आकडे टिपत होता. फौजी शिक्षकाची पद्धत आणि मुलकी शास्त्रज्ञाची मोजमापे यांतून आजचे सगळे उड्डाणशिक्षण निघाले. जगातला कोणताही चांगला उड्डाणशिक्षक, गणवेशातला असो की बाहेरचा, गॉस्पोर्टचाच वारस आहे.

तेव्हा मूळ एकच. फाटे पुढे फुटले, आणि ते फुटले कामाच्या स्वरूपामुळे.

हवाई कसरत ही एक गोष्ट नाही, निदान दोन आहेत. एक समूहाची आणि एक एकट्याची. समूहाची पाहायची असेल तर बिदरला जावे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव-कारवार-निपाणीच्या मागोमाग येणारे हेच ते बिदर. मे १९९६मध्ये इथे हवाई दलाचा ‘सूर्यकिरण’ हा चमू स्थापन झाला. त्याआधी १९८२पासून हंटर विमानांचा ‘थंडरबोल्ट्स’ होता. विंग कमांडर कुलदीप मलिक सूर्यकिरणचे पहिले प्रमुख, आणि विमाने किरण मार्क-२, म्हणजे देशी बनावटीची प्रशिक्षण विमाने. नऊ विमाने, दोघांतले अंतर पाचेक मीटर, वेग ताशी शेकडो किलोमीटर. यात बाजूच्या विमानातला वैमानिक जमिनीकडे पाहत नाही, क्षितिजाकडे पाहत नाही. तो फक्त म्होरक्याच्या विमानावरच्या ठरावीक खुणांकडे पाहतो आणि त्या आपल्या नजरेत जिथल्या तिथे राहतील एवढेच बघतो. म्होरक्या वर गेला की हा वर, म्होरक्या उलटा झाला की हाही उलटा. आपण उलटे आहोत हे त्याला कळते ते पट्ट्यांत लोंबकळल्यावर.

असला विश्वास पैशाने विकत मिळत नाही. त्याची किंमतही भयंकर असते. १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ‘थंडरबर्ड्स’ चमूची चार टी-३८ विमाने एकत्र लूप मारत होती. म्होरक्याच्या विमानाची नियंत्रणे अडकली आणि ते लूपमधून वेळेत बाहेर येईना. उरलेल्या तिघांनी नजर हलवली नाही. चारही विमाने जवळपास एकाच क्षणी जमिनीवर आदळली. त्या तिघांचे प्रशिक्षण कमी पडले असे म्हणता येत नाही. ते तंतोतंत प्रशिक्षणाप्रमाणेच वागले. बिदरनेही आपली किंमत मोजली आहे. मार्च २००६मध्ये विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंदर सिंह, जानेवारी २००९मध्ये विंग कमांडर आर. एस. धालीवाल, आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका इथे ‘एरो इंडिया’च्या सरावात चमूची दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी गेले.

समूहाच्या कसरतीत फौजी प्रशिक्षणाला तोड नाही, हे मान्य करून टाकावे. याची कारणे मात्र लोक सांगतात ती नसतात. ‘शिस्त’ हा शब्द फार लवकर तोंडात येतो. खरी कारणे रुक्ष आहेत. पहिले, इंधन. रोज दोन-दोन उड्डाणे करायला लागणारे जेट इंधन कोणत्याही हौशी मंडळाला परवडत नाही. दुसरे, उड्डाणानंतरची चिकित्सा. खाली उतरल्यावर चमू एका खोलीत बसतो, चित्रफीत लावतो आणि हुद्दा बाजूला ठेवून प्रत्येकाच्या चुका काढतो. कनिष्ठाने वरिष्ठाला ‘तुम्ही दोन मीटर आत आला होता’ असे सांगायचे आणि वरिष्ठाने ते लिहून घ्यायचे. एरवी फौजेत ही सवलत दुर्मीळच. तिसरे, सूर्यकिरणचे वैमानिक बहुतांशी स्वतःच उड्डाणशिक्षक असतात. हवाई दलाची उड्डाणशिक्षकांची शाळा चेन्नईजवळ तांबरमला आहे, १९५४पासून. तिथे वैमानिकाला विमान उडवता उडवता आपण काय करतो आहोत ते बोलून दाखवायला शिकवतात. स्वतःच्या हातांचे असे निरीक्षण करायची सवय लागलेला माणूस कसरतीला निम्मा तयार असतो.

चौथे कारण नेहमी विसरले जाते: गाळणी. हजारो अर्जांतून काही शे कॅडेट, त्यांतून लढाऊ शाखेचे, त्यांतून शिक्षक झालेले, त्यांतून चमूत घेतलेले. इतक्या वेळा गाळून उरलेली माणसे उत्तम असली तर त्यात प्रशिक्षणाचे श्रेय किती आणि गाळणीचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. आयआयटीतली मुले हुशार निघतात याचे सगळे श्रेय जसे प्राध्यापकांना देता येत नाही, तसेच हे.

आता एकट्याची कसरत. इथे चित्र उलटे आहे.

जागतिक एरोबॅटिक स्पर्धा १९६०मध्ये ब्रातिस्लावाला सुरू झाली, आणि पहिला विजेता होता चेकोस्लोव्हाकियाचा लादिस्लाव बेझाक. ‘लोम्त्सोव्हाक’ या नावाने ओळखली जाणारी ती गडाबडा लोळणारी कोलांटी त्याच्याच नावावर आहे. या स्पर्धेत आकाशात एक हजार मीटर लांब, रुंद आणि उंच असा काल्पनिक डबा असतो. वरच्या गटातला वैमानिक जमिनीपासून शंभर मीटरपर्यंत खाली येऊ शकतो. प्रत्येक कसरतीची खूण ठरलेली असते. खुणांची ही लिपी रचली स्पेनच्या होसे लुईस आरेस्ती यांनी. परीक्षक खाली खुर्च्या टाकून बसतात, रेघ उभी आहे की दोन अंश कलली आहे ते बघतात, शून्य ते दहा गुण देतात आणि त्यांना अवघडपणाच्या आकड्याने गुणतात. यात युद्धाशी संबंध असलेले काहीही नाही. याचे नाते भरतनाट्यमच्या अरंगेट्रमशी जास्त जवळचे.

शरीराची मागणीही वेगळी. लढाऊ वैमानिकाला खुर्चीत दाबणाऱ्या गुरुत्वभाराची सवय असते, त्यासाठी जी-सूट असतो, पाय-पोट आवळून श्वास धरायचे तंत्र असते. स्पर्धेच्या कसरतीत बराच वेळ भार उलट्या दिशेने येतो, रक्त डोक्याकडे धावते, आणि त्यावर कोणताही सूट चालत नाही. शरीराला फक्त सवय लावावी लागते, ती हळूहळू लागते आणि सराव थांबला की भराभर जाते. विमानेच पाहा. सूर्यकिरण आज वापरतो त्या हॉकची मर्यादा अधिक आठ आणि उणे चार जी (‘जी’ हे या गुरुत्वभाराचे माप). तंजावरला आहेत ती विमाने सुखोईची, आणि सुखोईनेच १९८४ साली फक्त स्पर्धेसाठी एसयू-२६ हे एका माणसाचे पंख्याचे विमान उडवले. वजन टनभर, मर्यादा अधिक बारा आणि उणे दहा. सुखोई-३० पूर्ण भारासह अडतीस टनांच्या वर जाते. एकाच घराण्याची ही दोन अपत्ये आहेत, पण एकावर तरबेज झालेला माणूस दुसऱ्यावर आपोआप तरबेज होत नाही.

आकडे हवे असतील तर रेड बुल एअर रेसचे घ्यावेत. ती शर्यत आहे, निव्वळ कसरत नव्हे, हे खरे. पण तिचे वैमानिक कसरतीच्या स्पर्धांतूनच येत. २००३ ते २०१९ या काळात चौदा हंगाम झाले. मँगोल्ड दोनदा, लॅम्ब, शोंका आणि हॉल एकेकदा, असे पाच हंगाम हवाई दलांतून आलेल्यांनी जिंकले. उरलेले नऊ बेसेन्येई, चॅम्ब्लिस, आर्च, बॉनहोम, डोल्डरर आणि मुरोया या मुलकी मंडळींनी. त्यांतला पॉल बॉनहोम तीनदा विजेता, आणि पोटापाण्यासाठी प्रवासी विमानाचा कॅप्टन. म्हणजे सोमवारी शेकडो प्रवाशांना हिंदकळू न देता लंडनला उतरवणारा माणूस शनिवारी दोन खांबांमधून विमान आडवे करून नेत होता. मँगोल्डने फँटम उडवले होते खरे, पण पुढे तोही प्रवासी विमानाचाच कॅप्टन झाला होता. नऊ विरुद्ध पाच हा काही निर्णायक कौल नव्हे. पण ‘अर्थातच फौजी’ म्हणणाऱ्याला थांबवायला तो पुरेसा आहे.

मुलकी माणूस इथे वरचढ का ठरतो? वेळ हे मुख्य कारण. फौजी वैमानिकाची चमूतली नेमणूक ठरावीक मुदतीची असते. मुदत संपली की तो स्क्वाड्रनवर परततो, कारण त्याचे खरे काम तिथे आहे. हौशी माणूस मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षे तीच एक उभी रेघ सरळ करत बसतो. शिवाय हवाई दलाच्या दृष्टीने कसरती हा जादाचा खर्च आहे. जुलै २००९मध्ये एचपीटी-३२ या प्राथमिक प्रशिक्षण विमानाचा अपघात झाला आणि तो सगळा ताफाच जमिनीवर आला. कॅडेटांना शिकवायला विमाने उरली नाहीत. मग २०११मध्ये सूर्यकिरणची किरण विमाने काढून प्रशिक्षणाला दिली आणि चमू थांबवला. हॉकवर तो पुन्हा उभा राहायला २०१५ उजाडले. हवाई दलाचे यात काहीच चुकले नाही, कोणीही हेच केले असते. पण कसरतीची परंपरा ज्या व्यवस्थेत टंचाई आली की पहिली कापली जाते, ती व्यवस्था त्या कलेची एकमेव आश्रयदाती असावी का?

उलट बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण फ्रान्सचे. तिथल्या हवाई दलाचा स्पर्धात्मक कसरतींसाठी सालोन-द-प्रोव्हान्सला स्वतंत्र चमू आहे आणि त्याच्या वैमानिकांनी मुलकी विश्वविजेतेपदे जिंकली आहेत: २००९मध्ये रेनो एकाल, २०१३मध्ये फ्रान्स्वा ले व्हो, २०१५मध्ये अलेक्सांद्र ओर्लोव्स्की. मग फौजी श्रेष्ठ ठरले ना? बारकाईने पाहिले तर फ्रेंच हवाई दलाने एक शहाणपणा केला. कसरतींसाठी त्यांनी लढाऊ विमाने वापरली नाहीत. एक्स्ट्रासारखी खास स्पर्धेची पंख्याची विमाने घेतली, मुलकी संघटनेच्या नियमांनुसार मुलकी स्पर्धकांबरोबर वैमानिकांना उतरवले आणि या एकाच कामाला जुंपले. पगार फौजेचा, शाळा मुलकी.

रशियाने याच्याही पलीकडची वाट काढली होती. ‘दोसाफ’ ही सोव्हिएत संघटना धड फौज नव्हती, धड खासगी क्लबही नव्हती. गावोगावी हवाई क्रीडा मंडळे, सरकारी विमाने, सरकारी पेट्रोल, आणि येणारा कोणीही. कझाकस्तानात जन्मलेली, औषधशास्त्र शिकलेली स्वेतलाना कापानिना कुर्गानच्या अशाच मंडळात तंत्रज्ञ म्हणून लागली. विमानांना पाने लावता लावता उडायला शिकली आणि स्त्रियांच्या गटात सात वेळा विश्वविजेती झाली. ती कुंभकोणमला जन्मली असती तर? औषधाच्या दुकानात असती. अमेरिकेत बेटी स्केल्टनला नौदलात वैमानिक व्हायचे होते, पण स्त्री म्हणून दार बंद होते. तिने १९४८ ते १९५० सलग तीन वर्षे स्त्रियांचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, त्यांतली शेवटची दोन पिट्सच्या इवल्याशा दुपंखी विमानावर. फौजेची गाळणी चांगली माणसे निवडते याबद्दल वाद नाही. पण चांगली माणसे ती बाहेरही ठेवते, आणि त्यांची मोजदाद कोणी करत नाही.

दोन्ही शाळा एकाच माणसात भेटल्या की काय होते, हे नील विल्यम्सच्या एका उड्डाणात दिसते. विल्यम्स रॉयल एअर फोर्समध्ये घडलेला चाचणी वैमानिक, आणि हौसेने ब्रिटनचा कसरतपटू. जून १९७०मध्ये सरावात त्याच्या झ्लिन विमानाचा डावा पंख सांध्यातून मोडून वर दुमडायला लागला. उलटे उडताना पंख मोडलेल्या एका बल्गेरियन वैमानिकाचा पंख विमान सरळ झाल्यावर जागेवर आल्याचे त्याने ऐकले होते. त्याने हाच हिशेब फिरवला आणि विमान उलटे केले. पंख खटकन जागेवर बसला. मग तो उलट्या अवस्थेतच धावपट्टीपर्यंत आला, अगदी जमिनीलगत विमान सरळ केले आणि मोडक्या विमानातून चालत बाहेर पडला. थंड डोके फौजेचे म्हणावे, तर उलटे उडताना इतकी सहजता आली ती स्पर्धांमुळे. आणि बल्गेरियन वैमानिकाची गोष्ट कानावर आली तीही स्पर्धकांच्या गप्पांतूनच.

भारतात अशी भेट होण्याची सोयच उरलेली नाही. पन्नासच्या दशकात होती. १९५१ साली उडालेले एचटी-२ हे देशी विमान पूर्ण कसरतीचे होते आणि ते हवाई दलाकडेही होते, फ्लाइंग क्लबांकडेही. त्याआधीच्या पिढीत तर वाट मुलकीतून फौजेत जात असे. १९३०मध्ये एकट्याने इंग्लंडहून भारतापर्यंत उड्डाण करून आगाखान पारितोषिक जिंकणारा कराचीचा अॅस्पी इंजिनियर तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. पुढे तो हवाई दलात गेला आणि १९६०मध्ये प्रमुख झाला. आज फ्लाइंग क्लबची जागा लायसन्सच्या कारखान्यांनी घेतली आहे. गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला, धुळ्याला मुले येतात ती दोनशे तास पुरे करून एअरलाइनमध्ये लागायला. अर्ध्या कोटीच्या आसपास खर्च, बहुतेकदा कर्जाने. एकही तास वाया घालवायची कोणाची तयारी नसते. गोंदियाला शिकवायला वापरतात ते डायमंड डीए-४० उत्तम विमान आहे, पण त्यात मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. म्हणजे वैमानिक म्हणून शिक्का बसतो तरी विमान पूर्ण उलटे झाल्यावर क्षितिज कसे दिसते हे त्या मुलाने कधी पाहिलेले नसते.

हा हौशी लोकांचा चोचला आहे, असे कोणी म्हणेल. त्याने दोन अपघात आठवावेत. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान स्टॉलमध्ये गेले, म्हणजे पंखांचा आधार सुटून कोसळू लागले. यंत्रणा दांडा पुढे ढकलत होती आणि कॅप्टन तो मागे ओढत होता. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकवर स्टॉल होऊन साडेतीन मिनिटे खाली येत राहिले, आणि त्या काळातही बराच वेळ नाक वर धरलेले होते. ही माणसे अडाणी नव्हती. स्टॉलची व्याख्या त्यांना पाठ असणार. पण पोटात गोळा येतो त्या क्षणी हात आपसूक पुढे जायला हवा, ते पाठांतराने होत नाही, गॉस्पोर्टच्या पद्धतीने होते. युरोपने यातून धडा घेतला. डिसेंबर २०१९पासून तिथे एअरलाइनकडे निघालेल्या नव्या वैमानिकाला त्या कामाला योग्य विमानात किमान तीन तासांचे प्रत्यक्ष उड्डाण करून विमान सावरण्याचे प्रगत प्रशिक्षण घ्यावे लागते. तीन तास ही फार मोठी मागणी नाही.

आपल्या हवाई दलाचा कॅडेट हे दुंडिगलला पिलाटस या प्रशिक्षण विमानावर शिकतोच. म्हणून फौजेतून एअरलाइनमध्ये आलेल्या वैमानिकाच्या हाताबद्दल आदराने बोलले जाते, ते उगाच नाही. पण फौजी प्रशिक्षण म्हणजे काही सदासर्वकाळ सोन्याचे नाणे नव्हे. १९८२मध्ये ला फोंतेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची गरज लिहून दिली. हॉकचा करार झाला २००४मध्ये आणि विमाने बिदरला आली २००८मध्ये. मधले पाव शतक मुले किरणवरून थेट मिग-२१सारख्या कठोर विमानावर चढत राहिली. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१मध्ये गेले. दोष वैमानिकावर ढकलणे त्यांच्या आईवडिलांनी मान्य केले नाही. कविता गाडगीळ आणि हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर अनिल गाडगीळ यांनी प्रशिक्षणातल्या या पोकळीवर जाहीर बोट ठेवले, आणि पुण्यात सिम्युलेटर उभारून होतकरू मुलांना शिकवायला सुरुवात केली. फौजेने सोडलेली फट एका फौजी घराने मुलकी हाताने बुजवायला घेतली, हे या सगळ्या वादातले मराठी पान आहे आणि ते अभिमानाइतकेच अस्वस्थ करणारे आहे.

तेव्हा निवाडा द्यायचाच तर असा द्यावा लागेल: नऊ विमानांच्या चमूसाठी फौज. एकट्याच्या कसरतीसाठी मुलकी शाळा, आणि तीही लहान वयात सुरू झालेली. आणि दोहोंपेक्षा भारी ठरतो तो देश, जो एकीकडचा माणूस दुसरीकडे जाऊ देतो. भारतात ही ये-जा सुरू करायला एसयू-२६ आणावे लागत नाही. पुण्यात हडपसरला नागरी उड्डयन महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे, विंचने ग्लायडर वर फेकणारे. ग्लायडरच्या कसरतींची स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९८५पासून होते आणि तिला इंधनाचा खर्च जवळपास नाही. तिथून फार लांब नसलेल्या खडकवासल्याला एनडीएचे हवाई दलाचे कॅडेट सुपर डिमोना मोटर-ग्लायडरवर हात बसवतात. देशभर एनसीसीच्या हवाई शाखा आहेत, त्यांच्याकडे छोटी विमाने आहेत, आणि ‘दोसाफ’ची सर्वांत जवळची भारतीय नातलग तीच. कसरतीची दोन-चार विमाने आणि शिकवणारी माणसे अशा ठिकाणी दिली तर सुरुवात होऊ शकते.

शिकवणारी माणसे आहेत. तांबरमहून शिकून बाहेर पडलेले, हजारो तास कॅडेटांबरोबर स्पिनमध्ये घालवलेले शिक्षक दरवर्षी निवृत्त होतात. त्यांतले कितीतरी थेट एअरलाइनमध्ये कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत जाऊन बसतात, आणि तिथला पगार पाहता त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांतल्या मूठभरांना तंजावर, पुणे किंवा नागपूरच्या आसपास मुलांना उलटे उडायला शिकवायला थांबवायचे असेल तर त्यांचा पगार, विमा आणि विमानांची देखभाल यांचा खर्च कोणी उचलायचा हे आधी ठरवावे लागेल. हवाई दलाने तो उचलावा अशी अपेक्षा करणे चूक आहे, त्यांना स्वतःच्या स्क्वाड्रन पुऱ्या पडत नाहीत. तो खर्च नागरी उड्डयन मंत्रालयाचा आहे, आणि शेकड्यांनी नवी विमाने मागवून बसलेल्या विमान कंपन्यांचाही.